वेळेअभावी, ओसाकामार्गे

पहिल्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीतून पांढरा रुमाल हलला की स्टेजवरचा माणूस थांबवायचा. का, ते विचारायचं नाही.

हा नियम नीलाकाकूंनी माझ्या केसांत पिना खोचता खोचता सांगितला. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाचं निवेदन पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. खुर्ची त्यांच्या यजमानांची, म्हणजे विद्याधरकाकांची. काका एका कन्स्ट्रक्शन कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर. तीस वर्षं इथे. मंडळाच्या कार्यक्रमाचंही ते मिनिटांनिशी शेड्यूल बनवतात आणि त्याच्या प्रिंट वाटतात.

"म्हणायचं काय?" मी विचारलं.

"वेळेअभावी आपण इथेच थांबू या, एकदा जोरदार टाळ्या. बस. गोड आवाजात म्हण."

आमच्याकडे कार्यक्रम दोनच गोष्टींनी थांबतो. मगरीबची, म्हणजे संध्याकाळची, अजान आणि काकांचा रुमाल. फरक इतकाच, की अजान संपली की कार्यक्रम जिथे होता तिथून पुन्हा सुरू होतो.

असे किस्से कुणी गोळा करत नाही, ते साचतात. गळक्या एसीखाली ठेवलेल्या बादलीसारखं आहे. थेंबाकडे कुणाचं लक्ष नसतं, मग एक दिवस अंधारात बादलीला पाय लागतो आणि सगळा हॉल ओला होतो. आमच्या बादलीतले किस्से सांगताना मंडळातले सगळे हसतात. मीही हसते. फक्त अलीकडे हसताना माझी मान खाली जाते, कारण बहुतेक किश्शांमध्ये माईक माझ्या हातात आहे.

•

सोप्या किश्शापासून सुरुवात करते, ज्यात माझी लाज थोडीशीच गेली.

एका सप्टेंबरात गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या हॉलचा एसी बंद पडला. कुवेतमध्ये सप्टेंबरात एसी बंद पडणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. इंडियाहून एक व्याख्याते खास आणले होते. विषय होता 'संवादाची कला'. गृहस्थ चार मिनिटं बोलले असतील. "म्हणून मंडळी, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं" इथपर्यंत आले आणि रुमाल हलला.

मी उठले. गोड आवाजात वेळेअभावी थांबवलं. जोरदार टाळ्या झाल्या. गृहस्थ तोंड तसंच उघडं ठेवून खाली उतरले.

काका धावत विंगेत आले. "अगं केतकी, मी घाम पुसत होतो!"

"मग काका, मी विचारायला हवं होतं का?"

काकांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "नाही. तू केलंस ते बरोबर. नियम तो नियम."

तेव्हापासून काका दोन रुमाल आणतात. घामासाठी चौकटीचा, थांबवण्यासाठी पांढरा.

•

आता गार्गी.

गार्गी आणि मी सालमियातल्या एकाच इमारतीत वाढलो. ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. तिची आई, सुषमामावशी, जहराच्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिस विभागात नर्स. आम्ही बारावीत असताना गार्गीचे बाबा गेले. पंधरा दिवसांनी मंडळातली मोठी माणसं त्यांच्या घरी जमली आणि चहा बाहेर यायच्या आत ठरवून मोकळी झाली, की मुलीला पुण्याला पाठवायचं, इंजिनियरिंगला. काकांनी तिथल्या तिथे कॉलेजात फोन लावला. गार्गी एका कोपऱ्यात उभी होती. मावशी आत चहा करत होत्या. मी बिस्किटांची ताटली फिरवत होते.

त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हीच तर आमच्या मोठ्या माणसांची अडचण आहे, हेतू इतका चांगला असतो की तोंड उघडायला जागाच राहत नाही.

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, पण ते नोकरीसाठी शिकतात. गार्गी गाण्यासाठी शिकली. दुसऱ्या वर्षी तिने कॉलेज सोडलं. काही वर्षांनी ती ओसाकाला पोहोचली. सकाळी बेकरीत काम करायची आणि संध्याकाळी हारुमी नावाच्या मुलीबरोबर गाणी रचायची. मंडळात मात्र सांगितलं जायचं, "गार्गी ना? हायर स्टडीजला आहे जपानला." हे विधान कुणी तयार केलं माहीत नाही, पण माझ्याही तोंडात बसलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला ती आली. केस बॉयकट. म्हणाली, "मला एक गाणं म्हणायचंय, आईसाठी." शेड्यूलमध्ये तिला सहा मिनिटं मिळाली. मावशींनी ड्यूटी बदलून घेतली आणि पहिल्या रांगेत फोन धरून बसल्या, रेकॉर्ड करायला.

पहिली दोन कडवी जपानी होती. कुणाला शब्द कळत नव्हता, तरी हॉल शांत झाला होता. दुसरं कडवं संपलं, गार्गीने श्वास घेतला. आणि रुमाल हलला.

पांढरा.

मी घड्याळाकडे पाहिलं होतं. साडेतीन मिनिटं झाली होती. मला माहीत होतं की तिसरं कडवं मराठीत आहे, कारण ते तिने आदल्या दिवशी माझ्या खोलीत मला म्हणून दाखवलं होतं. मला सगळं माहीत होतं. आणि मी माईक उचलून गोड आवाजात म्हटलं, "वेळेअभावी आपण इथेच थांबू या. गार्गीसाठी एकदा जोरदार टाळ्या."

लोकांनी खरोखरच जोरदार टाळ्या वाजवल्या.

•

त्या दिवशी कार्यक्रम लवकर संपला. जेवणाची गाडी अब्बासियाहून निघून फिफ्थ रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. वेळेअभावी गाणं थांबवलेली दोनशे माणसं त्याच हॉलमध्ये चाळीस मिनिटं नुसती बसून होती.

पोरं पकडापकडी खेळत होती. काका फोनवर ड्रायव्हरला रस्ता समजावत होते. गार्गी आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि मी विंगेत पडद्यामागे उभी होते. तिथे काही काम नव्हतं. मी पडद्याच्या घड्या मोजल्या.

परत जाताना गाडीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी नीलाकाकूंना विचारलंच, "काकू, रुमाल का हलला?"

"अगं, मुलं बघत होती. उद्या सगळीच म्हणतील, इंजिनियरिंग सोडतो आणि गातो. काकांनी तिच्या ॲडमिशनसाठी किती धडपड केली होती." मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि विचारायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

•

यंदा मार्चमध्ये गार्गीचा मेसेज आला. "आमचं पहिलं सिंगल येतंय. तेच गाणं. त्यात तुझा आवाज वापरला तर चालेल?"

मी क्लिनिकमध्ये होते. मी तिथे इन्शुरन्सची अप्रूव्हलं बघते. समोर एक पेशंट ओरडत होता. मी लिहिलं, "हो गं, बिनधास्त." कुठला आवाज, हे विचारलंसुद्धा नाही. न विचारण्याची सवय किती खोलवर गेली असेल बघा.

गाणं आलं त्या दिवशी मी ते लंच ब्रेकमध्ये पॅन्ट्रीत ऐकलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, हारुमीचा कीबोर्ड. मग सगळी वाद्यं थांबतात आणि मावशींच्या फोनमधून आलेला, हॉलच्या घुमाऱ्यासकट, माझा आवाज येतो. "वेळेअभावी आपण इथेच थांबू या. गार्गीसाठी एकदा जोरदार टाळ्या." पाठोपाठ आमच्या मंडळाच्या टाळ्या. मग दोन सेकंद काहीच नाही. आणि मग तिसरं कडवं सुरू होतं.

माझा चमचा डब्यातच राहिला.

माझा आवाज छान लागला होता. तेच वाईट वाटलं.

•

छोट्या कंपनीने काढलेलं छोटं सिंगल. पण ओसाकाच्या एका रेडिओवाल्याला ते आवडलं आणि मग बऱ्याच लोकांनी ते ऐकलं. खालच्या कमेंट मी फोनवर भाषांतर करून वाचायचे, दररोज, जखमेवरची खपली काढावी तशा.

एकाने लिहिलं होतं, ही मधली ओळ बहुधा प्रार्थना असावी. एकजण म्हणाला, ह्या बाईचा आवाज विमानतळावरच्या घोषणेसारखा आहे, ऐकलं की कुणीतरी निघून जातंय असं वाटतं. एका मुलीने ती ओळ मोबाईलची रिंगटोन केली होती. म्हणजे ओसाकात कुठेतरी कुणाचा फोन वाजला की मी गार्गीला थांबवते.

मग गार्गीने त्या ओळीचा अर्थ खाली लिहून टाकला. त्यावर कुणीतरी विचारलं, "ही बाई कोण? तिने असं का केलं?"

गार्गीचं उत्तर एका ओळीचं होतं. "ती माझी मैत्रीण आहे."

मी तिला लिहिलं, "तू मला शिव्या का देत नाहीस?" तिने एक बेडकाचं स्टिकर पाठवलं. बेडूक छत्री घेऊन उभा होता. मी अजूनही त्याचा अर्थ लावते आहे.

•

मंडळाच्या ग्रुपवर गाणं आलं ते वीस सेकंदांच्या क्लिपमधून. दुसऱ्या कडव्याचा शेवट, माझी ओळ, टाळ्या. बस. पुढचं कुणी ऐकलंच नाही, कारण पुढे काही असेल असं कुणाला वाटलंच नाही.

"जपानी गाण्यात मराठी! आपल्या गार्गीचा अभिमान! आपल्या केतकीचा अभिमान!" काकांनी लिहिलं. खाली नव्वद नमस्कार. हायर स्टडीज एका दिवसात गायब झालं. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, मुलीत कला आहे," हेही काकांनीच लिहिलं.

मुलांनी तर कमाल केली. ही आमची कुवेतमध्ये जन्मलेली पोरं, मराठीत हाक मारली तर इंग्रजीत ओ देणारी. ती आता होमवर्कला बसवलं की हात जोडून म्हणायची, "वेळेअभावी आपण इथेच थांबू या." आठ वर्षांचा आरव मला लिफ्टमध्ये भेटला.

"Ketaki tai, what does it actually mean?"

"म्हणजे, वेळ नाही."

"But was there no time?"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. मी उतरले.

•

गार्गीने सीडी पाठवली. जपानमध्ये अजून सीडी निघतात. आत छोटा कागद, त्यावर सगळ्यांची नावं, आणि शेवटी 'आवाज: केतकी'. पण आख्ख्या मंडळात सीडी वाजवायला यंत्र उरलं नव्हतं. शेवटी ते सापडलं काकांच्या जुन्या गाडीत.

म्हणून एका शुक्रवारी आम्ही चौघं बनेद अल-गारला समुद्रासमोरच्या पार्किंगमध्ये, काचा बंद करून, एसी लावून बसलो. पुढे काका-काकू, मागे मी आणि सुषमामावशी. बाहेर लोक पतंग उडवत होते.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. माझी ओळ आली आणि काकांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "वा! काय उच्चार!" आणि मागे घेतलं. पुन्हा माझी ओळ. पुन्हा थाप. पुन्हा मागे. चार वेळा. दर वेळी टाळ्या संपत आल्या की काकांचं बोट बटणावर जायचं.

"केतकी, हे रेकॉर्ड कधी केलंस?" काकांनी विचारलं.

ते नाटक करत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. इतक्या वेळा रुमाल हलवलाय, त्यातला हा एक.

"झालं असंच कधीतरी," मी म्हणाले.

"पुढे जाऊ द्या काका," हे चार शब्द माझ्या तोंडात होते. मी बाहेरचे पतंग बघत बसले. मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आवाज छान आलाय हो तुझा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

•

दुसऱ्या आठवड्यात मी जहराला गेले. मावशींच्या ब्रेकमध्ये आम्ही कॅन्टीनच्या बाहेर बसलो. मी सगळं सांगून टाकलं. घड्याळ पाहिलं होतं, तिसरं कडवं माहीत होतं, वेळ होता.

"माहितीय मला," मावशी म्हणाल्या. "मी रेकॉर्ड करत होते ना? फोनवर मिनिटं दिसतात."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस, केतू?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तिसरं कडवं मी रोज ऐकते," त्या म्हणाल्या. "बसमध्ये, येता-जाता. मला नाही गं त्याची कमी. पण तिला ते त्या हॉलमध्ये म्हणायचं होतं. मी पहिल्या रांगेत असताना, त्या सगळ्यांच्या समोर. ते राहिलं ते राहिलंच."

मग त्यांनी घड्याळ बघितलं, पेशंट मशीनवर होता, आणि त्या आत गेल्या.

•

आता दिवाळीचा कार्यक्रम.

शेड्यूलमध्ये सातव्या नंबरवर छापलं होतं: 'कौतुक सोहळा. गाण्याची झलक, केतकीच्या मुखातून तीच ओळ, पुष्पगुच्छ. चार मिनिटं.' निवेदन अर्थात माझंच. योजना काकांची होती. गाणं माझ्या ओळीपर्यंत वाजवायचं, तिथे बंद करायचं, आणि ती ओळ मी प्रत्यक्ष म्हणायची, म्हणजे लोकांना मजा येईल.

साऊंडला प्रशांतदादा होता. तो एरवी हॉस्पिटलांची मशिनं दुरुस्त करतो आणि शुक्रवारी आमचे माईक. काकांनी त्याला नीट समजावलं होतं. "रुमाल हलला की तू बंद कर, आणि केतकी, तू सुरू हो."

पहिल्या रांगेत कोपऱ्यात काका. शेजारी नीलाकाकू. त्यांच्या शेजारी सुषमामावशी, कारण गार्गीतर्फे पुष्पगुच्छ त्या घेणार होत्या. त्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती.

पहिलं कडवं वाजलं. दुसरं वाजलं. रुमाल हलला.

प्रशांतदादाने बंद केलं. दोनशे चेहरे माझ्याकडे वळले. पोरांनी आधीच हात जोडले होते. मी माईक तोंडाशी नेला.

"मी ही ओळ म्हणणार नाही," मी म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत.

"ही ओळ मी ह्याच हॉलमध्ये म्हटली होती, दोन वर्षांपूर्वी. गार्गी इथेच उभी होती. तिचं एक कडवं राहिलं होतं. वेळ होता. मी घड्याळ बघितलं होतं. नंतर आपण सगळे जेवणाची वाट बघत चाळीस मिनिटं इथेच बसलो होतो."

रुमाल हलला. काकांनी आधी जरासा हलवला, मग हात वर करून.

"नाही, काका," मी म्हणाले. "आणि का, तेही तुम्ही सांगा. मी सतरा वर्षांची असल्यापासून तुम्हाला विचारलेलं नाही."

काकांनी तोंड उघडलं. नीलाकाकूंकडे पाहिलं. नीलाकाकू शेड्यूलची प्रिंट वाचू लागल्या.

"प्रशांतदादा, पुढे लाव."

"नक्की?"

"पूर्ण लाव."

माझा आवाज आला, जुना, गोड. वेळेअभावी. टाळ्या. दोन सेकंद काहीच नाही. आणि मग गार्गी मराठीत गायला लागली. दाराशी काढलेले आईचे पांढरे बूट, त्यात पाय घालून पाहणारी छोटी मुलगी. बाबा गेल्यावरची ती दुपार. बाहेरच्या खोलीत सगळे माझ्याबद्दल बोलत होते, आई, आणि तू आत चहा करत होतीस, तुला कुणी हाकही मारली नाही. आता तुझे बूट मला बरोबर होतात, पण मी दुसरीकडे चाललेय, आणि माझ्यासाठी तू कुणाची माफी मागू नकोस.

त्या दुपारचे जवळजवळ सगळे पहिल्या दोन रांगांत बसले होते. मी ओळखून होते कोण कोण. मीही त्यातलीच.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत. एसीचा आवाज येत होता. काकांचा हात अजून अर्धा वर होता आणि त्यात तो रुमाल.

सुषमामावशी उठल्या. काकूंच्या पुढून वाकून त्यांनी काकांच्या हातातून रुमाल घेतला, आपला चष्मा काढला आणि शांतपणे, दोन्ही काचा, आधी एक मग दुसरी, पुसल्या. चष्मा लावला. रुमालाची चौकोनी घडी केली.

आणि तो आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली.